किर्रूच्या दारातला झुपका

कान द्या बरं इकडे. एक कान मला द्या, एक कान किर्रूला द्या. हात मात्र मोकळे ठेवा, टाळ्या वाजवायला लागतील.

किर्रू म्हणजे एक रातकिडा. एवढुस्सा! तुमच्या करंगळीवर बसेल, आणि शेजारी जागा उरेल. पण मिशा? मिशा ही लांबच लांब! अंगापेक्षा मिशा मोठ्या. किर्रू खूश झाला की मिशा वर. किर्रू रुसला की मिशा खाली.

किर्रूचं घर होतं एका मुठीत. लाकडी मुठीत. सुतार पटाशीने लाकूड कोरतो ना? त्या पटाशीची जुनी मूठ. पटाशी मोडली, लोखंड निघालं, मूठ उरली. लोखंड होतं तिथे पडलं भोक. गोल गोल भोक. आत काळोख. आत ऊब. किर्रू त्या भोकात बसायचा आणि गायचा.

किर्र किर्र! किर्र किर्र!

भोकात गायलं की आवाज असा घुमायचा! आणि बाहेर गायलं तर? नुसतंच कुर्र. कोणी ऐकायचंसुद्धा नाही. म्हणून किर्रूचा आपल्या घरावर फार फार जीव.

ही मूठ होती येसबाच्या टोपलीत. येसबा म्हणजे गावातला ब्रशवाला. सगळे त्याला आबा म्हणत. गावात कोणाचं खुरपं मोडो, कोणाचा विळा मोडो, जुनी मूठ कोणी फेकायचं नाही. आबाच्या टोपलीत टाकायची. आबा तिचा दाढीचा ब्रश करायचा.

कसा करायचा? मूठ पुसायची. भोकात केसांचा झुपका बसवायचा. खच्च! मग ब्रश पाण्यात बुडवायचा, साबणावर फिरवायचा आणि स्वतःच्याच गालावर फेस करून बघायचा. फस् फस् फस्! फेस छान झाला की झुपक्याला डिंक लावायचा. एकदा डिंक लागला की झुपका पक्का! मग ओढा, ताणा, हत्तीला बांधा. निघायचा नाही.

फेस बघून बघून आबाच्या तोंडावर सदा पांढरी दाढी. फेसाची!

लोक म्हणायचे, "आबा, तोंड धू."

आबा म्हणायचा, "धुतो की. आणखी एक ब्रश झाला की धुतो."

एके दिवशी सकाळी किर्रूला भूक लागली. तो घरातून निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. एक कोवळं पान खाल्लं. कुरुम कुरुम. पोट भरलं. मिशा पुसल्या. परत आला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

टोपलीत बघतो तर काय? टोपली रिकामी! अगदी ठणठणगोपाळ! मूठ नाही, घर नाही.

टोपलीखाली बघितलं. नाही. टोपलीमागे बघितलं. नाही. मग वर बघितलं. आणि घर दिसलं! आबाच्या हातात! आणि घराच्या दारात काय? केसांचा झुपका! पांढरा, मऊ, लांब, टोकाला जरासा पिवळा.

किर्रूने उडी मारली. डोकं झुपक्यात खुपसलं. ढकल, ढकल, ढकल! दार काही उघडेना. उलट नाकात केस गेले.

आक्छी!

किर्रू धपकन खाली पडला. मिशा गेल्या खाली.

आबाने चष्मा नाकावर ओढला. "का रे किर्रू, मिशा खाली?"

"काय सांगू, पंचाईत झाली!
दारात बसला झुपका,
मी घरात जाऊ कसा?
किर्र किर्र गाऊ कसा?
आबा, आबा, झुपका काढतोस का?"

"अरेच्चा!" आबा म्हणाला. "या मुठीत तू राहत होतास होय? मी काही आत डोकावलो नाही बाबा. टोपलीत ही शेवटचीच मूठ होती. घेतली आणि बसवला झुपका."

"मग काढ!"

"छे छे! आज गावात लग्न आहे. नवरदेवाची दाढी वाढलीय. न्हावीदादा ब्रशाची वाट बघतोय. झुपका मी काढणार नाही."

"मग मी राहू कुठे?"

आबाने टोपी सरकवून डोकं खाजवलं. डोक्यालाही फेस लागला. "असं कर. दुसरी मूठ आण. जुनीच आण हं, नवी हाताला टोचते. तू मूठ आणशील, तर मी झुपका काढीन. पण लवकर ये. हा बघ, वाटीत डिंक भिजत घातलाय. डिंक भिजला की मी लावणार!"

बापरे! डिंक लागला तर घर गेलं! कायमचं गेलं!

किर्रू निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

टुणुक टुणुक करत तो मिरचीच्या वाफ्यात आला. तिथे ठकूमावशी खुरपत बसली होती. खर खर, खर खर. हातात खुरपं. खुरप्याला मूठ. मूठ चांगली जुनी, हाताने घासून घासून गुळगुळीत झालेली. किर्रूच्या तोंडाला पाणीच सुटलं.

"का रे किर्रू, मिशा खाली?"

"काय सांगू, पंचाईत झाली!
आबा झुपका काढीना,
मी घरात जाऊ कसा?
किर्र किर्र गाऊ कसा?
मावशी, मावशी, जुनी मूठ देतेस का?"

"अगं बया!" मावशी म्हणाली. "मूठ देऊ, आणि मी काय धरू? नुसतं लोखंड? हात कापंल की रं माझा! ते काही नाही. सुतारमामा नवी मूठ करील, तर मी जुनी मूठ देईन."

आणि मावशी पुन्हा खुरपायला लागली. खर खर, खर खर. किर्रूच्या अंगावर माती उडाली. त्याने मिशा झटकल्या. वर काही गेल्या नाहीत.

तिकडे वाटीत डिंक भिजतोय. थोडा थोडा फुगतोय. पळ रे किर्रू, पळ!

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

टुणुक टुणुक करत तो सुतारमामाकडे आला. सुतारमामा पेन्सिल शोधत होता. पाटाखाली शोधत होता, पटक्यात शोधत होता, चहाच्या कपातसुद्धा शोधत होता. आणि पेन्सिल होती कुठे? मामाच्या कानावर! किर्रू गुपचूप तिच्यावर जाऊन बसला.

मामाला कानापाशी मिशा दिसल्या. "का रे किर्रू, मिशा खाली?"

"काय सांगू, पंचाईत झाली!
मावशी जुनी मूठ देईना,
आबा झुपका काढीना,
मी घरात जाऊ कसा?
किर्र किर्र गाऊ कसा?
मामा, मामा, नवी मूठ करतोस का?"

"करतो की! आत्ता करतो!" मामा म्हणाला. त्याने बाह्या वर केल्या. करवत उचलली. मग इकडे बघितलं. मग तिकडे बघितलं. "पण लाकूड कुठाय? मूठ काय हवेची करू? लग्नाच्या मांडवाला सगळं लाकूड गेलं. बाभूळ फांदी देईल, तर मी नवी मूठ करीन."

"बरं," किर्रू म्हणाला. "आणि मामा, पेन्सिल कुठे आहे सांगू?"

"सांग, सांग!"

"आधी मूठ कर, मग सांगीन!"

आणि किर्रूने उडी मारली. हसू नका! तोही काही कमी नव्हता.

तिकडे वाटीत डिंक भिजतोय. आणखी थोडा फुगतोय. पळ रे किर्रू, पळ!

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

टुणुक टुणुक करत तो बाभळीकडे आला. बाभळीला काटेच काटे. किर्रूने एक उडी मारली. टोच! आई गं! दुसरी उडी मारली. टोच! आई गं! तिसरी उडी अगदी जपून मारली आणि काट्यांच्या मधोमध बसला.

"का रे किर्रू, मिशा खाली?"

"काय सांगू, पंचाईत झाली!
मामा नवी मूठ करीना,
मावशी जुनी मूठ देईना,
आबा झुपका काढीना,
मी घरात जाऊ कसा?
किर्र किर्र गाऊ कसा?
बाभूळबाई, बाभूळबाई, फांदी देतेस का?"

"फांदी?" बाभूळ करवादली. "माझ्याकडे बघ तरी! पानं आहेत का अंगावर? ती ढवळी शेळी आलीय कालपासून. इकडून खाते, तिकडून खाते, मागच्या पायांवर उभी राहून वरची खाते. मला पार बोडकी करून टाकली! आता फांदी पण देऊ? मुळीच देणार नाही. शेळी पाला सोडील, तर मी फांदी देईन."

"शेळी कुठे आहे?"

"खाली बघ."

किर्रूने खाली बघितलं. खाली शेळी होती. तोंडात पाला होता. करम करम, करम करम.

तिकडे वाटीत डिंक भिजतोय. आता चांगलाच फुगलाय! पळ रे किर्रू, पळ!

टुणुक टुणुक, टुणुक... अहो, थांबा. पळायचं कुठे? शेळी तर खालीच होती. किर्रूने एकच उडी मारली आणि शेळीच्या शिंगावर बसला.

"का रे किर्रू, मिशा खाली?" शेळीने खाता खाता विचारलं.

"काय सांगू, पंचाईत झाली!
बाभूळ फांदी देईना,
मामा नवी मूठ करीना,
मावशी जुनी मूठ देईना,
आबा झुपका काढीना,
मी घरात जाऊ कसा?
किर्र किर्र गाऊ कसा?
शेळीताई, शेळीताई, पाला सोडतेस का?"

"बें!" शेळी म्हणाली. "नाही सोडणार. मला राग आलाय. राग आला की मला भूक लागते. भूक लागली की मला बाभूळ दिसते."

"पण राग का आला?"

शेळीने मान वर केली. हनुवटी दाखवली. हनुवटी एकदम बोडकी!

"माझी दाढी गेली!" शेळीच्या डोळ्यांत पाणी आलं. "काल दुपारी मी डोळे मिटून रवंथ करत होते. कोणीतरी आलं. कच कच कच! डोळे उघडले तर दाढी नाही. आता सगळी करडं मला हसतात. माझी दाढी परत येईल, तर मी पाला सोडीन."

किर्रूला शेळीचं वाईट वाटलं. पण वाटीतला डिंक आठवला, तेव्हा स्वतःचं जास्त वाईट वाटलं. तो कामाला लागला.

त्याने कापूस आणला. शेळीच्या हनुवटीला लावला. वारा आला. भुर्र! दाढी उडाली.

त्याने मक्याचे केस आणले. हनुवटीला लावले. शेळीने जीभ बाहेर काढली. गट्टम! दाढी पोटात.

त्याने हिरवंगार गवत आणलं. हनुवटीला लावलं. "दाढी खायची नाही हं, शेळीताई."

"नाही खात," शेळी म्हणाली. करम करम, करम करम. "खाल्ली."

किर्रूने कपाळाला हात लावला. चार हात लावले! सहा पायांतले दोन उभं राहायला नकोत का!

"माझी दाढी अशी नव्हतीच मुळी," शेळी म्हणाली. "माझी दाढी होती पांढरी, मऊ, लांब, टोकाला जराशी पिवळी."

पांढरी? मऊ? लांब? टोकाला जराशी पिवळी? कुठे बरं बघितली होती अशी गोष्ट? सांगा पाहू!

बरोब्बर! किर्रूच्या दारात!

तो उठला आणि सुटला. टुणुकटुणुकटुणुकटुणुक! वाफ्यातून, ओट्यावरून, टोपलीवरून, थेट आबाच्या गुडघ्यावर!

डिंक भिजला होता. आबाच्या हातात डिंकाची काडी होती. आबा झुपक्याला डिंक लावणार, तेवढ्यात त्याला मिशा दिसल्या.

"का रे किर्रू, मिशा खाली?"

"काय सांगू, पंचाईत झाली!
शेळी पाला सोडीना,
बाभूळ फांदी देईना,
मामा नवी मूठ करीना,
मावशी जुनी मूठ देईना,
आबा झुपका काढीना,
मी घरात जाऊ कसा?
किर्र किर्र गाऊ कसा?"

"अरेरे!" आबा म्हणाला. "पण शेळी का बरं पाला सोडीना?"

"तिची दाढी कोणीतरी कापली. कच कच कच! तिला न विचारता!"

आबाने एकदम मान वर केली. छपराकडे बघायला लागला. शीळ वाजवायला लागला. आणि हळूच, अगदी हळूच, एक कात्री मांडीखाली सरकवली.

"आबा, ती कात्री दिसतेय," किर्रू म्हणाला.

"कुठली कात्री?"

"ती काय! आणि हा झुपका म्हणजेच शेळीताईची दाढी!"

आबाचे कान लाल झाले. "बरं बाबा, आहे! पण आता मी काय करू? कापलेली दाढी परत चिकटते होय? झालं ते झालं. मला डिंक लावू दे."

डिंकाची काडी खाली आली. आणखी खाली आली. आणखी खाली. किर्रूला रडू फुटणार होतं. त्याने आबाच्या तोंडाकडे बघितलं. आबाच्या तोंडावर काय होतं? फेस! पांढरा, मऊ, हनुवटीपासून लोंबणारा फेस! जशी काही दाढीच!

किर्रूच्या मिशा टुणकन वर गेल्या.

"आबा, थांब! आधी फेस बघायचा, मग डिंक लावायचा ना?"

काडी थांबली. "अरे हो! घाईत विसरलोच होतो. आत्ता माझ्या गालावर बघतो."

"तुझ्या गालावर नको! शेळीताईच्या हनुवटीवर बघ! तिला पांढरी दाढी कर!"

"छे छे छे!" आबा म्हणाला. "शेळीला साबण लावू? सगळं गाव हसेल मला. मुळीच नाही!"

असं काय? किर्रूने उडी मारली आणि शिरला आबाच्या टोपीत. टोपी आतून पोकळ. आत काळोख. आत ऊब. किर्रू गायला लागला.

किर्र किर्र! किर्र किर्र! किर्र किर्र!

टोपीत आवाज असा घुमला, की आबाच्या दाढा हलल्या. आबाने टोपी काढली. किर्रू शिरला सदऱ्यात. पाठीवर गुदगुल्या! आबा उठला. आबा नाचला. "थांब रे! खी खी खी! उतर रे! हू हू हू! बघतो, बाबा, बघतो! शेळीच्या हनुवटीवर बघतो!"

मग काय! पुढे किर्रू, टुणुक टुणुक. मागे आबा, हातात ब्रश, बगलेत साबण, दुसऱ्या हातात पाण्याची बादली. सगळं गाव बघत होतं. आणि हो, सगळं गाव हसत होतं.

आबा शेळीपुढे उभा राहिला. मान खाली घातली. "शेळीताई, चुकलो. तुला विचारायला हवं होतं. आता जरा हनुवटी वर कर."

शेळीने हनुवटी वर केली. आबाने ब्रश पाण्यात बुडवला, साबणावर फिरवला आणि लागला फिरवायला. फस् फस् फस्! फस् फस् फस्! फेस आला. फेस वाढला. फेस लोंबायला लागला.

शेळीने बादलीत वाकून बघितलं. "बें! माझी दाढी! केवढी मोठी झाली!" तिने जीभ बाहेर काढून जरा चाखली. "थू थू थू! कडू!"

"शेळीताई," किर्रू म्हणाला, "पाला खाल्लास तर दाढी पुसून जाईल हं."

शेळीने टपकन तोंड मिटलं. पाला नको, गवत नको, काही नको. बोलायलासुद्धा तयार नाही. "म्म्म्," म्हणाली, आणि मान वर करून करडांपुढून मिरवत निघाली.

आणि मग बघा कशी गंमत झाली!

शेळीने पाला सोडला. बाभळीने अंग झटकलं आणि फांदी दिली. कडकन! मामाने फांदी कापली. करर करर! तासली. खसस् खसस्! नवी मूठ तयार! किर्रू म्हणाला, "मामा, पेन्सिल कानावर!" मामा म्हणाला, "कुठल्या?" मावशीने खुरप्याची जुनी मूठ उपटली, आबाच्या टोपलीत टाकली, आणि नवी मूठ ठोकून घेतली. ठक ठक ठक!

आता टोपलीत एक जुनी मूठ होती. गुळगुळीत, आणि तिला गोल गोल भोक.

आबाने मूठ उचलली. झुपका बसवायला गेला. आणि थांबला. त्याने मुठीवर बोट वाजवलं.

टक टक. "आत कोणी राहतं का?"

कोणी बोललं नाही. आबाने कान लावला. कोणीच नव्हतं.

मग आबाने दुसऱ्या हाताने किर्रूचं घर धरलं, झुपका धरला आणि ओढला. ओढला, ओढला, ओढला...

फट्टॉक!

झुपका निघाला. दार उघडलं! झुपका गेला मावशीच्या मुठीत. खच्च! वर लागला डिंक. ब्रश तयार! न्हावीदादाने ब्रश नेला, नवरदेवाला पाटावर बसवलं आणि फेस केला. फस् फस् फस्!

नवरदेवाने नाक मुरडलं. "न्हावीदादा, शेळीचा वास कसा काय येतोय?"

"हलू नका," न्हावीदादा म्हणाला. "नाक कापलं जाईल."

किर्रू मात्र लग्नाला थांबलाच नाही. आबाने त्याचं घर कोनाड्यात ठेवलं, आणि तो घरात शिरला. टुणुक! आत काळोख होता. आत ऊब होती. आत एक केस राहून गेला होता, पांढरा, मऊ, लांब, टोकाला जरासा पिवळा. किर्रूने तो गुंडाळला आणि त्याची गादी केली. गादीवर बसला. मिशा नीट केल्या.

आबाने हळूच विचारलं, "का रे किर्रू, मिशा वर?"

"मिळालं ना माझं घर!
शेळीने पाला सोडला,
बाभळीने फांदी दिली,
मामाने नवी मूठ केली,
मावशीने जुनी मूठ दिली,
आबाने झुपका काढला,
मी घरात आलो असा!
किर्र किर्र गातो कसा!"

किर्र किर्र! किर्र किर्र! किर्र किर्र!

आवाज असा घुमला, की मांडवातलं वऱ्हाड जरा वेळ थांबून ऐकत राहिलं.

शेळीचं काय झालं म्हणता? तिची दाढी हळूहळू परत उगवली. पण रोज सकाळी ती आबाच्या ओट्यापुढे उभी राहते. हनुवटी वर करते. "बें!" म्हणते. फेस केल्याशिवाय जातच नाही. आणि आबाला केस हवे असले, की आबा आधी विचारतो, "शेळीताई, देतेस का?" कधी देते. कधी देत नाही. तिची मर्जी!

आणि टोपलीतल्या प्रत्येक मुठीवर आबा आधी बोट वाजवतो.

टक टक. "आत कोणी राहतं का?"

बहुतेक मुठी गप्प असतात. पण एखाद्या मुठीतून आवाज येतो, "हो! मी राहतो! ठेव खाली!" आबा घाबरून मूठ खाली ठेवतो. आत बघतो, तर दोन लांबच लांब मिशा हसत असतात.

"किर्रू! तुझं घर तिकडे कोनाड्यात आहे!"

"माहीत आहे," किर्रू म्हणतो. "मी पाहुणा आलोय." टुणुक!

संपली बरं गोष्ट. आता तुम्ही एक मूठ मिटा. घट्ट नको, थोडं भोक ठेवा. कानाशी न्या. वर बोट वाजवा, टक टक. आणि विचारा, आत कोणी राहतं का?

किर्र किर्र!